मोफत, खुले, मुक्त : विद्यापीठांच्या पाठसामग्रीची एक चिकित्सा

‘मोफत’, ‘खुले’ आणि ‘मुक्त’ हे तीन शब्द आपण मराठीत सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. रोजच्या बोलण्यात त्याने काही अडत नाही. पण जगातल्या नामवंत विद्यापीठांनी आपली पाठसामग्री इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवली, त्या घटनेचे मोल ठरवायला बसले की हे तीन शब्द वेगळे करावेच लागतात. ज्याला दाम पडत नाही ते मोफत. ज्याला कुलूप नाही ते खुले. आणि जे घेऊन, मोडून, आपल्या सोयीने पुन्हा घडवता येते ते मुक्त. यातले पहिले दुसऱ्याची हमी देत नाही आणि दुसरे तिसऱ्याची. या पाठसामग्रीचे आपल्याकडे झालेले कौतुक बहुतांशी पहिल्या शब्दापाशी थांबले, असे माझे निरीक्षण आहे. प्रस्तुत लेखात ही सामग्री मी तिन्ही शब्दांच्या कसोटीवर तपासणार आहे.

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात गणित शिकवतो. पाठसामग्री हा समीक्षेचा विषय होऊ शकतो का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. मला वाटते, तो व्हायलाच हवा. कादंबरी वाचणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक माणसे आज ही सामग्री वाचतात, पाहतात आणि तिच्या भरवशावर आयुष्याचे निर्णय घेतात. तिची रचना, तिचा वाचक कोण हे तिने धरलेले गृहीत आणि तिने गाळलेल्या गोष्टी यांची छाननी करणारे लेखन मात्र मराठीत फारसे दिसत नाही.

जन्मकथा

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या संस्थेने एप्रिल २००१ मध्ये आपल्या जवळजवळ सर्व अभ्यासक्रमांची सामग्री विनामूल्य प्रसिद्ध करण्याची घोषणा केली. त्यावेळी चार्ल्स वेस्ट हे संस्थेचे अध्यक्ष होते. या उपक्रमाला ‘ओपनकोर्सवेअर’ हे नाव मिळाले. २००२ च्या सप्टेंबरअखेर पहिले ५० अभ्यासक्रम लोकांसमोर आले, २००३ मध्ये ५०० झाले आणि २००७ पर्यंत १८०० अभ्यासक्रमांसह जवळजवळ सारा अभ्यासक्रम प्रसिद्ध झाला. आज ही संख्या अडीच हजारांच्या पुढे आहे. सुरुवातीचा मोठा खर्च ह्यूलेट आणि मेलन या दोन प्रतिष्ठानांनी उचलला.

या कथेतला एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. ही कल्पना ज्या समितीतून पुढे आली, तिच्यापुढचा मूळ प्रश्न इंटरनेटवरून शिकवण्याचा व्यवसाय संस्थेने कसा करावा हा होता. हिशेब मांडल्यावर समितीला दिसले की त्यात फारसा नफा नाही. मग विकता येत नाही ते वाटून टाकू, असा निष्कर्ष निघाला. याच सुमारास कोलंबिया विद्यापीठाने ‘फॅदम’ ही नफ्यासाठीची कंपनी काढली होती. ती २००० मध्ये सुरू झाली आणि २००३ मध्ये बंद पडली. एमआयटीच्या निर्णयातली उदारता खरी होती, पण तिच्यापाठी चोख हिशेब होता. मला त्यात कमीपणा वाटत नाही. हिशेबातून आलेले औदार्य भावनेच्या भरात आलेल्या औदार्याहून जास्त टिकते.

या उपक्रमाने पहिल्या दिवसापासून आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली : येथे पदवी मिळणार नाही, प्रमाणपत्र मिळणार नाही आणि प्राध्यापकांना प्रश्नही विचारता येणार नाही. आम्ही वर्गात जे वापरतो ते तुमच्यासमोर ठेवतो, एवढेच. हा प्रांजळपणा लक्षात ठेवावा. पुढे जे बिघडले ते हा प्रांजळपणा सुटल्यावर.

एका अभ्यासक्रमाचे वाचन

सर्वसाधारण विधाने करण्याआधी एक अभ्यासक्रम जवळून पाहू. गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणितावरची व्याख्याने ही ओपनकोर्सवेअरची सर्वांत गाजलेली सामग्री म्हणावी लागेल. १९९९ मध्ये वर्गातच चित्रित झालेली ही पस्तीसएक व्याख्याने आजही जगभर पाहिली जातात. मे २०२३ मध्ये स्ट्रँग यांनी आपले शेवटचे व्याख्यान दिले.

पहिल्या तासाला ते फळ्यावर दोन समीकरणे लिहितात : २क्ष − य = ० आणि −क्ष + २य = ३. आपल्याकडचा दहावीचा विद्यार्थी ही एकसामयिक समीकरणे चुटकीसरशी सोडवेल आणि क्ष = १, य = २ असे उत्तर काढून मोकळा होईल. स्ट्रँग यांना उत्तराची घाई नाही. आधी ते एकेक ओळ घेऊन दोन रेषा काढतात आणि त्या कुठे छेदतात ते दाखवतात. मग तीच आकडेवारी उभी वाचतात. पहिला स्तंभ (२, −१), दुसरा (−१, २). पहिला एकदा घेतला आणि दुसरा दोनदा घेतला, की बेरीज (०, ३) येते. उत्तर तेच राहिले, पण प्रश्न पालटला. ‘रेषा कुठे भेटतात’ याच्या जागी ‘कशाचे किती घेतले म्हणजे हवे ते मिळते’ असा प्रश्न आला आणि पुढचा सगळा विषय त्या प्रश्नातून उलगडत जातो. अध्यापनकलेचा हा उत्तम नमुना आहे. जगातल्या कोणालाही तो पाहता यावा, ही गोष्ट लहान नाही.

पण व्याख्यान म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. गणित ऐकून येत नाही, सोडवून येते. या अभ्यासक्रमाची आधीची आवृत्ती उघडली तर स्वाध्यायाच्या जागी स्ट्रँग यांच्या पाठ्यपुस्तकातली प्रकरणे आणि उदाहरणांचे क्रमांक दिसतात. पुस्तक विकत घ्यावे लागते. ज्याच्याकडे ते नाही, त्याच्यासाठी ही यादी म्हणजे जेवणाऐवजी हाती दिलेले भोजनपत्र. २०११ मध्ये एमआयटीने स्वतःच शिकणाऱ्यांसाठी काही अभ्यासक्रमांची वेगळी आवृत्ती काढली. त्यात हाही विषय होता. या आवृत्तीत उदाहरणे पूर्ण छापली आहेत, उत्तरे रीतीसह दिली आहेत आणि साहाय्यक अध्यापकांच्या छोट्या चित्रफिती जोडल्या आहेत. त्यांत अध्यापक उदाहरण मांडतो, ‘आता चित्रफीत थांबवा आणि स्वतः करून पाहा’ असे सांगतो आणि मग फळ्याकडे वळतो.

दोन्ही आवृत्त्या मोफत आहेत, दोन्ही खुल्या आहेत. पण पहिली वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यासाठी आहे. आपण तिच्याकडे खिडकीतून पाहतो. दुसरीत बाहेरच्याला वाचक मानले आहे. अडीच हजार ही संख्या ऐकून भारावण्याआधी हा फरक पाहावा. त्या यादीतल्या बऱ्याच अभ्यासक्रमांत केवळ आराखडा, वाचनसूची आणि काही टिपणे एवढेच हाती लागते. मानव्यविद्यांच्या अभ्यासक्रमांत हे अधिक जाणवते, कारण तिथे वाचन हाच अभ्यास असतो आणि वाचायची पुस्तके प्रकाशकांच्या मालकीची असतात. हा अडसर विद्यापीठाच्या हातात नाही, कायद्याच्या हातात आहे. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध तीन मोठे प्रकाशक न्यायालयात गेले होते. अभ्यासक्रमातल्या उताऱ्यांचे संच करून देणे हे अध्यापनाचाच भाग ठरू शकते, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. जगभरच्या विद्यार्थ्याला पाठसामग्री किती खुली आहे, हे अनेकदा संगणकाच्या पडद्यापेक्षा अशा दुकानावर ठरते.

मोफत ते सशुल्क

२०१२ मध्ये या क्षेत्राला नवे वळण लागले. एमआयटीने विद्युतमंडलांवरचा एक अभ्यासक्रम परीक्षा आणि प्रमाणपत्रासह इंटरनेटवर चालवला. सुमारे १,५५,००० जणांनी नावे नोंदवली, ७,१५७ उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी एमआयटी आणि हार्वर्ड यांनी प्रत्येकी ३ कोटी डॉलर घालून ‘एडएक्स’ ही ना-नफा संस्था उभी केली. आता विद्यापीठांच्या भिंती पडणार, अशी भाषा सुरू झाली.

उत्तीर्णांचे प्रमाण जेमतेम पाच टक्के, म्हणून या प्रयोगाची टर उडवणारे पुष्कळ भेटतात. मला ती टर पटत नाही. दरवर्षी साठ विद्यार्थ्यांचा वर्ग घेतला तर सात हजार विद्यार्थी तयार करायला एका शिक्षकाला शंभराहून अधिक वर्षे लागतील. तक्रार करायची तर ती पुढच्या वाटचालीबद्दल करावी. जस्टिन राइक आणि होसे रुइपेरेस-व्हॅलिएंते यांनी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या दोन विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांची सहा वर्षांची आकडेवारी मांडली. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक अभ्यासक्रमाचे पान उघडतही नव्हते. पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण २०१७-१८ पर्यंत सुमारे ३ टक्क्यांवर आले होते. मानव विकासात तळाशी असलेल्या देशांतला शिकणारा तर त्यात अगदीच विरळा होता. ज्याच्या नावाने हा खटाटोप सुरू झाला, त्याच्यापर्यंत तो फारसा पोचला नाही. पुढे मोफत भाग आक्रसत गेला. प्रमाणपत्राला दाम लागला, काही परीक्षांनाही लागला. २०२१ मध्ये एडएक्स ही संस्था ‘टूयू’ या कंपनीला ८० कोटी डॉलरना विकली गेली आणि २०२४ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

ओपनकोर्सवेअर मात्र जागच्या जागी आहे. ज्याने कमी कबूल केले, ते टिकले.

खुले कोणासाठी?

दुसऱ्या शब्दाची परीक्षा बर्कली येथे झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या या शाखेने हजारो व्याख्याने लोकांसाठी खुली ठेवली होती. त्यांतल्या अनेकांना मथळापट्ट्या नव्हत्या. ऐकू न येणाऱ्या माणसाला ती निरुपयोगी होती. तक्रार झाली, अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१६ मध्ये विद्यापीठाला दोषी धरले. विद्यापीठाने खर्चाचे कारण पुढे केले आणि २०१७ मध्ये वीस हजारांहून अधिक ध्वनिफिती व चित्रफिती सार्वजनिक पानांवरून काढून घेतल्या. एकाला मिळत नाही म्हणून सर्वांचेच बंद, असा हा न्याय झाला. पुढे २०२२ मध्ये विद्यापीठाला सुधारणेची कबुली द्यावी लागली. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्यावरही असेच दावे झाले होते. त्यांनी मथळापट्ट्या देण्याचे मान्य केले.

अनेकांनी यात तक्रारदारांना दोष दिला. माझे मत उलट आहे. दार उघडे आहे, पण उंबरठा दोन हात उंच आहे, तर चढू न शकणाऱ्याने उंबऱ्याबद्दल बोलायचे नाही काय? शिवाय या प्रकरणातून एक धडा मिळाला. विद्यापीठाने व्याख्याने काढून घेण्याआधी इतरांनी त्यांच्या प्रती उतरवून ठेवल्या होत्या, म्हणून ती नष्ट झाली नाहीत. मालकाच्या मर्जीवर खुले असलेले दार मालक केव्हाही लावू शकतो. प्रत करण्याचा हक्क ज्याला आहे, त्याच्याच हाती ज्ञान राहते.

मुक्त म्हणजे बदलण्याचा हक्क

ओपनकोर्सवेअरचा परवाना हा हक्क देतो. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या परवान्याखाली ही सामग्री कोणीही उतरवून घ्यावी, बदलावी, भाषांतरित करावी. अट तीन गोष्टींची : मूळ कर्त्याचे श्रेय द्यावे, व्यापार करू नये आणि नवी कृतीही याच अटींवर वाटावी. व्यापाराची बंदी छोट्या प्रकाशकाला जाचते. पण भाषांतराची वाट मोकळी आहे.

तिचा वापर कोणी केला? तैवानमध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे चिनी भाषांतरकार लुसिफर चू यांनी त्या भाषांतराच्या मानधनातून २००४ मध्ये स्वयंसेवकांची एक चळवळ उभारली आणि एमआयटीचे अभ्यासक्रम चिनी भाषेत आणायला घेतले. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांतरेही झाली. मराठीत या तोडीची चळवळ उभी राहिली नाही. याचे कारण आपल्याला इंग्रजी येते, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. स्ट्रँग यांचे पहिले व्याख्यान मी माझ्या वर्गात दाखवतो तेव्हा मुले मन लावून पाहतात, वहीत उतरवतात आणि गप्प राहतात. तीच दोन समीकरणे, तेच स्तंभ फळ्यावर मराठीत मांडले की मागच्या बाकावरून विचारणा होते, “सर, दोन्ही स्तंभ एकाच रेषेत आले तर?” संपूर्ण विषयाचा गाभा असलेला हा प्रश्न इंग्रजीत कळलेल्या मुलालाही इंग्रजीत विचारता आला नव्हता. ऐकून समजण्याची भाषा आणि शंका काढण्याची भाषा यांत अंतर असते. पाठसामग्रीचे भाषांतर हवे ते या दुसऱ्या कामासाठी.

याचे एक चांगले उदाहरण मुंबईतच आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने चाललेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प संगणकाच्या मुक्त प्रणाली शिकवतो. प्रत्येक पाठ दहाएक मिनिटांचा. पडद्यावरचे चित्र इंग्रजीच राहते, कारण पुढे काम त्याच पडद्यावर करायचे असते. आवाज मात्र मराठी, तमिळ, बंगाली असा बदलतो. संहिता विषय न येणाऱ्या नवख्या माणसाकडून तपासून घेतली जाते. त्याला समजले नाही, तर पाठ पुढे जात नाही. प्रतिष्ठेच्या दृष्टीने हा प्रकल्प एमआयटीच्या जवळपासही नसेल. पण समोर शिक्षक नसलेला, इंग्रजीत अडखळणारा, एकटा शिकणारा माणूस हाच आपला वाचक, हे त्याने पहिल्यापासून धरले आहे. पाठसामग्री हा जर लेखनप्रकार मानला, तर मी या प्रकल्पाला त्या प्रकारातली जाणती कृती म्हणेन.

शिक्षकाच्या जागी?

आता आपल्या घरचा प्रश्न. सात आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये ‘एनपीटीईएल’ हा प्रकल्प हाती घेतला. केंद्र सरकारच्या खर्चाने हजारो तासांची व्याख्याने तयार झाली. २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे व्यासपीठ आले. शिकणे विनामूल्य, परीक्षेला मात्र शुल्क. एनपीटीईएलच्या अंतिम गुणांत साप्ताहिक स्वाध्यायांना २५ टक्के आणि केंद्रावरच्या लेखी परीक्षेला ७५ टक्के वाटा असतो. ही व्यवस्था अनेक परदेशी व्यासपीठांपेक्षा प्रामाणिक आहे. उणीव स्वाध्यायांत आहे. ते बहुधा बहुपर्यायी असतात. चारांतून एक निवडणाऱ्याची विचाराची वाट कुठे चुकली, ते त्यातून कोणालाच कळत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’वरून घेण्याची मुभा दिली, २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांपर्यंत वाढवली. हेतू चांगला आहे. ज्या महाविद्यालयात एखादा विषय शिकवायला माणूसच नाही, तिथल्या विद्यार्थ्याला तो घेता यावा. पण ज्या राज्यात महाविद्यालयीन अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर आहे, तिथे या मुभेचे दुसरे वाचनही होऊ शकते : माणूस नेमण्याची गरजच काय?

ही भीती केवळ आपली नाही. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीच्या तत्त्वज्ञान विभागाने हार्वर्डचे मायकेल सँडल यांना खुले पत्र लिहिले. सँडल यांचा न्यायविषयक अभ्यासक्रम एडएक्सवरून आपल्या वर्गात वापरण्यास त्यांनी नकार दिला. सँडल यांच्या विद्वत्तेवर त्यांचा आक्षेप नव्हता. श्रीमंत विद्यापीठाच्या मुलांना जिवंत प्राध्यापक आणि सरकारी विद्यापीठाच्या मुलांना त्याची चित्रफीत, अशी वाटणी होईल, हा त्यांचा मुद्दा होता. आपल्या व्याख्यानांचा उपयोग सहकाऱ्यांच्या विरोधात व्हावा अशी आपली इच्छा नाही, असे सँडल यांनीही उत्तरादाखल स्पष्ट केले. हे पत्र आपल्याकडच्या प्रत्येक प्राध्यापक संघटनेने वाचावे. मोफत सामग्रीचा सर्वांत मोठा धोका तिच्या दर्जात नाही, तिच्या नावाने होणाऱ्या काटकसरीत आहे.

काय हाती घ्यावे

मराठीत विनामूल्य ज्ञानाची परंपरा नवी नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ मध्ये ज्याचा पहिला खंड निघाला, तो मराठी विश्वकोश आज कोणालाही घरबसल्या वाचता येतो. पण विश्वकोशात नोंद असते, पाठ नसतो. नोंद वाचून माहिती मिळते. पाठ वाचकाला पाटी-पेन्सिल घ्यायला लावतो, त्याची चूक होईल हे आधीच ओळखून थांबतो. आपल्याकडे मुक्त नोंदी आहेत. मुक्त पाठ फार थोडे आहेत.

यासाठी अडीच हजार अभ्यासक्रम मराठीत आणण्याचा संकल्प नको. एनपीटीईएलच्या काही सामग्रीची मराठी भाषांतरे होत आहेत आणि यंत्रभाषांतराने ती उद्या ढिगांनी होतील. यंत्र व्याख्यान उलथून देईल. माझ्या मागच्या बाकावरची शंका त्याला आधी सुचणार नाही, कारण ती कुठे लिहिलेलीच नाही. ती वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या शिक्षकांच्या डोक्यात आहे. म्हणून माझी मागणी लहान आहे. प्रत्येक विद्यापीठाच्या प्रत्येक विभागाने दरवर्षी एका विषयाचे स्वाध्याय मराठीत प्रसिद्ध करावेत : रीतीसह उत्तरे, विद्यार्थी हमखास कुठे घसरतात त्याच्या टिपा आणि कोणालाही बदलून वापरता येईल असा परवाना. व्याख्यान खुशाल स्ट्रँग यांचेच राहू द्या. त्याला जोडून दोन्ही स्तंभ एकाच रेषेत आले तर काय होते, हे मराठीत सोडवून दाखवणारी दहा पाने असू द्या.

एमआयटीने पंचवीसएक वर्षांपूर्वी जे वाटले ते घेण्यात आपण कमी पडलो नाही. परवान्याने आणखी एक मुभा दिली होती, भर घालण्याची. ती आपण फारशी वापरलेली नाही. मोफत घेणारा गिऱ्हाईकच राहतो. मुक्त वस्तूत जो आपले चार शब्द मिळवतो, तो तिचा वाटेकरी होतो.